बंद रसायन कारखान्याच्या जागेवर घरं बांधायची असतील, तर आधी पाण्याचा माग काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला कुटुंबाचा डाय इंटरमीजिएटचा, म्हणजे रंगद्रव्यं बनवायला लागणाऱ्या मधल्या रसायनांचा, कारखाना होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. चार एकर जागा आता औद्योगिक वापरातून निवासी वापरात बदलून घ्यायची आहे. विकसक म्हणतो, वरची पाच फूट माती उचलून तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पाला पाठवू, वर मुरूम टाकू आणि काम सुरू करू. एवढं पुरेल का, आणि अशा जागेचा शाश्वत पुनर्विकास खरोखर होऊ शकतो का?

पुरणार नाही. शाश्वत पुनर्विकास मात्र होऊ शकतो. त्यासाठी कामांचा क्रम बदलावा लागतो. आपल्याकडे आधी इमारतींचा नकाशा तयार होतो, मग एफएसआयचं गणित बसतं आणि सगळं ठरून गेल्यावर कोणीतरी म्हणतं, माती तपासून घेऊ. दूषित जागेवर तपासणी सगळ्यांत आधी व्हायला हवी. कुठे इमारत, कुठे बाग, कुठे वाहनतळ हे त्या तपासणीतून ठरायला हवं.

आधी पाच फुटांचा हिशेब करून पाहा. चार एकर म्हणजे सुमारे 16,200 चौरस मीटर. दीड मीटर खोल खणलं तर 24,000 घनमीटरच्या वर माती निघते. घनमीटरला 1.8 टन धरले तर 44,000 टनांच्या आसपास. वीस टनी डंपरच्या 2,200 खेपा. तितक्याच खेपा मुरूम आणायला, आणि तो मुरूम कुठली तरी टेकडी फोडूनच येणार. तळोज्यासारख्या ठिकाणची शास्त्रीय भरावाची जागा आपल्या राज्यात फार मोलाची आहे. तिथे अर्धीअधिक निर्दोष माती नेऊन टाकायची आणि खरं दूषण सात-आठ मीटरवर तसंच ठेवायचं, हे पर्यावरणाच्या दृष्टीनेही चुकीचं आणि तुमच्या खिशाच्या दृष्टीनेही.

खरं दूषण खोल असेल असं मी का म्हणतो, ते तुमच्या उद्योगाच्या रसायनशास्त्रात आहे. नायट्रो संयुगापासून अमाइन बनवायला जुन्या कारखान्यांत लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरत. त्यातून काळा, लोहयुक्त गाळ निघे. आम्ल चुन्याने मारलं की जिप्समचा गाळ निघे. 1970-80 च्या दशकांत हा गाळ बहुतेक ठिकाणी कुंपणाच्या आत, मागच्या सखल कोपऱ्यात पसरला जाई. तो दिसतो, त्याचा रंग दिसतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. पण क्लोरोबेंझीन, नायट्रोबेंझीन, ऑर्थो-डायक्लोरोबेंझीन ही द्रव्यं पाण्यापेक्षा जड असतात. ड्रम यार्डात किंवा रिॲक्टरखालच्या गटारात सांडलेलं द्रव्य भूजलाच्या पातळीवर थांबत नाही. ते पाण्यातून खाली उतरतं आणि चिकणमातीच्या किंवा कातळाच्या खोलगट भागात साचून राहतं. तिथून ते पाण्यात थोडंथोडं विरघळत राहतं, वर्षानुवर्षं. बॉयलरचं फर्नेस ऑइल याच्या उलट, ते पाण्यावर तरंगतं आणि पाणीपातळीबरोबर वरखाली होतं. एकाच भूखंडावर हे दोन्ही प्रकार असतात आणि पाच फुटांची सरसकट खोदाई दोन्हींना चुकवते.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाचं प्रकरण तुमच्यासारख्या प्रत्येक मालकाने वाचायला हवं, कारण तिथलं रसायन तुमच्याच कुळीतलं होतं : एच-ॲसिड, हेही एक डाय इंटरमीजिएट. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अगदी थोडा काळ तिथे उत्पादन झालं. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांनुसार फक्त 375 टन माल निघाला, पण त्यामागे सुमारे 2,440 टन लोहयुक्त व जिप्समयुक्त गाळ आणि 8,250 घनमीटर सांडपाणी राहिलं. कारखाना बंद झाला तरी आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तांबडं-तपकिरी झालं. गाळावर माती ओढली गेली, काही मातीत मिसळला गेला, आणि पावसाचं पाणी त्यातून झिरपत राहिलं. 13 फेब्रुवारी 1996 ला न्यायालयाने 'जो दूषित करतो त्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व लावलं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अभ्यासावरून स्वच्छतेसाठी 37.385 कोटी रुपयांची रक्कम ठरली. ती भरायला टाळाटाळ झाली, तेव्हा 2011 मध्ये न्यायालयाने 12 टक्के चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश दिला. कारखाना बंद करून मालकाची जबाबदारी संपत नाही, हे आपल्या देशात तेव्हापासून पक्कं झालं आहे.

आता तपासणीकडे येतो. सगळं पुढचं काम यावर उभं राहतं, म्हणून इथे घाई करू नका.

पहिले काही आठवडे खोदाई नको, कागद आणि माणसं शोधा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मंजूर केलेले कारखान्याचे जुने नकाशे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, कच्च्या मालाची नोंदवही, विजेच्या ट्रान्सफॉर्मरची जागा, उपग्रहाची जुनी छायाचित्रं. या सगळ्याहून मोलाचे म्हणजे निवृत्त फिटर आणि ऑपरेटर. ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) होण्याआधी सांडपाणी कुठे सोडत होते, कोणता खड्डा बुजवून त्यावर गोदाम बांधलं, कोणत्या टाकीच्या तळाला गळती होती, हे कुठल्याच नकाशात नसतं. त्यांना सन्मानाने बोलवा, जागेवर फिरवा, ते दाखवतील तिथे खुणा करा. आणि त्यांच्यापैकी कोणाला तब्येतीच्या तक्रारी असतील तर त्याही ऐकून घ्या. ती माणसं त्या रसायनांत तुमच्यासाठी उभी राहिली होती.

नमुने घेताना तीन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली म्हणजे दहा जागांची माती एका घमेल्यात कालवून एकच नमुना पाठवणं. त्याने सरासरी छान येते आणि दूषित ठिपका गायब होतो. दुसरी, उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटसाठी (क्लोरोबेंझीनसारख्या विद्रावकांसाठी) माती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून उन्हात ठेवणं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यात काही उरत नाही आणि अहवाल म्हणतो, आढळलं नाही. असे नमुने काचेच्या बाटलीत, वर हवा न ठेवता, बर्फाच्या पेटीतून गेले पाहिजेत. तिसरी, फक्त मातीच तपासणं. निरीक्षण विहिरी हव्यातच, आणि त्यांची पाणीपातळी व रसायनं मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात एकदा मोजली पाहिजेत. आपल्याकडे पावसाळ्यात पाणीपातळी काही मीटर वर येते. मे महिन्यात कोरडा दिसणारा गाळ ऑगस्टमध्ये पाण्यात बुडालेला असतो. एका ऋतूच्या आकड्यांवर अख्खा आराखडा बेतणारा सल्लागार मला मान्य नाही.

एक गोष्ट आपल्या प्रदेशापुरती. आपला कातळ बेसाल्ट आहे आणि त्याच्यापासून झालेल्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियम मुळातच जास्त असतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये किलोमागे 100 ते 250 मिलिग्रॅम तांबं सहज सापडतं. डच (नेदरलँड्सच्या) निकषांत मात्र 190 मिलिग्रॅमच्या पुढे माती गंभीर दूषित समजतात. परदेशी तक्ता डोळे मिटून लावला तर सह्याद्रीतली कधी कारखाना न पाहिलेली मातीही दूषित ठरेल, आणि तुम्ही हजारो टन निर्दोष माती घातक कचरा म्हणून पाठवाल. म्हणून भूखंडाबाहेरचे, उद्योगाचा स्पर्श नसलेले नमुने तुलनेसाठी घ्यायलाच हवेत. क्रोमियमचा आकडा आला तर तो कोणत्या रूपातला आहे तेही विचारा. दगडातून आलेलं त्रिसंयुजी क्रोमियम सहसा जागचं हलत नाही. षट्संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर धावतं आणि कर्करोगाला कारण होतं. अहवालात दोन्ही मिळून एकच आकडा दिला असेल तर तो परत पाठवा.

ठाणे खाडीच्या आणि घोडबंदरच्या सखल पट्ट्यात जमिनीची रचना साधारण अशी असते : वर भराव, त्याखाली खाडीची काळी चिकणमाती, मग मुरूम झालेला कुजका कातळ आणि खाली घट्ट कातळ. यातली चिकणमाती ही तुमची सर्वांत मोठी मित्र आहे. तिच्यातून पाणी फार हळू जातं, त्यामुळे वरचं दूषण खालच्या भूजलात उतरायला अडतं. आणि बांधकामात आपण नेमकी तीच भोकं पाडून मोडतो. उंच इमारतीसाठी पाइल (पायाचे खोल खांब) कातळापर्यंत जाणार, म्हणजे प्रत्येक पाइल चिकणमातीतून आरपार. दूषित भागात ते काळजी न घेता केलं तर दूषणाला खाली जायचा रस्ता आपणच उघडून देतो. तळघरासाठी पाणी उपसायला लागलात की शेजारच्या भूखंडाखालचं दूषित पाणीही तुमच्याकडे ओढलं जातं आणि ते उपसलेलं पाणी महापालिकेच्या नाल्यात सोडणं हा वेगळाच गुन्हा होतो.

अमेरिकेत नायगरा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल इथे हेच घडलं. 1942 ते 1953 दरम्यान एका रसायन कंपनीने तिथल्या अर्धवट खणलेल्या कालव्यात सुमारे 20 हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर मातीचं आच्छादन घातलं आणि 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खाली रसायनं आहेत हे खरेदीखतात लिहिलेलं होतं. तरीही शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली, रस्ते आणि गटारं खणताना आच्छादन व कडेची माती फुटत गेली. जास्त पावसाच्या वर्षांनंतर पाणी वर आलं आणि रसायनं घरांच्या तळघरांत शिरली. 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. कागदावरच्या इशाऱ्याने काही वाचलं नाही, कारण नकाशा काढणाऱ्याने तो नकाशात उतरवलाच नव्हता. आपला पावसाळा नायगरापेक्षा कितीतरी जोरदार आहे.

म्हणून माझा आग्रह असा : तळघर नको. स्टिल्ट किंवा पोडियमवर वाहनतळ घ्या. मोकळ्या स्टिल्टमधून वारा वाहतो, त्यामुळे जमिनीतून वर येणारी सॉल्व्हंटची वाफ घरात शिरत नाही. बंदिस्त तळघर नेमकी ती वाफ साठवतं आणि लिफ्टच्या खोबणीतून वर चढवतं. तळमजल्यावर पाळणाघर, व्यायामशाळा, रखवालदाराची खोली असलं काही ठेवायचं असेल तर फरशीखाली खडीचा थर, त्यातून हवा बाहेर काढणाऱ्या नळ्या आणि वर वाफ अडवणारा अखंड पडदा घालावा लागेल. आम्ल सांडलेल्या भागात मातीत सल्फेट जास्त असतं आणि ते साध्या काँक्रीटला खातं. सल्फेटचे आकडे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरच्या हातात पाइलचं डिझाइन करण्याआधी पडले पाहिजेत.

पावसाच्या पाण्याचा मुद्दा तर मला सगळ्यांत कळकळीने सांगायचा आहे. बांधकाम नियमावलीमुळे पर्जन्यजल संधारण करावं लागतं आणि सगळे जण सर्वांत स्वस्त मार्ग घेतात : छताचं पाणी शोषखड्ड्यात किंवा पुनर्भरणाच्या बोअरमध्ये सोडून देतात. चांगल्या जमिनीवर हे उत्तम. दूषित जमिनीवर मात्र दर पावसाळ्यात लाखो लिटर पाण्याने आपण दूषण धुऊन भूजलात ढकलत असतो, आणि वर हरित इमारतीचे गुण मिळवतो. अशा जागेवर छताचं पाणी टाक्यांत साठवून फ्लशिंगला आणि बागेला वापरायचं, उरलेलं पक्क्या गटारातून बाहेर न्यायचं. महापालिकेकडे मंजुरी मागताना तपासणी अहवाल जोडून पुनर्भरणाऐवजी साठवणीची मागणी लेखी करा.

जर्मनीतल्या रूर खोऱ्यात ड्यूसबर्ग इथे बंद पोलाद कारखान्याचं उद्यान झालं आहे. 1985 ला तो कारखाना बंद पडला, पीटर लाट्झ यांनी आराखडा केला आणि 1994 पासून लोक तिथे फिरायला येतात. सुमारे 180 हेक्टरची जागा. तिथे सगळी माती उचलली नाही. अति दूषित भाग बंदिस्त केला, पाडकामातल्या विटा-काँक्रीटचा चुरा जागेवरच पुन्हा वापरला, आणि पावसाचं पाणी दूषित जमिनीत न जिरवता वेगळ्या स्वच्छ कालव्यातून नेलं. जर्मनी श्रीमंत देश आहे हे खरं. पण तिथली कल्पना काटकसरीची आहे : जमिनीच्या अवस्थेप्रमाणे तिचा वापर ठरवायचा.

तुमच्या चार एकरांत तेच करता येईल. ड्रम यार्ड, गाळाचा कोपरा, जुना आम्लखड्डा हे दोन-तीन ठिपके निघतील. गाळ आणि अति दूषित माती मोजकी खणून तळोज्याला जाऊ द्या. तिला पर्याय नाही. फर्नेस ऑइलची माती जागेवरच ढीग करून, हवा आणि खत देऊन जिवाणूंकडून साफ करून घेता येते. आपल्या उष्ण हवामानात हे काम चांगलं होतं, ढिगावर ताडपत्री असेल तर. भूजलातल्या नायट्रोबेंझीनसाठी पाण्याच्या वाटेवर लोहचूर्णाची भिंत घालता येते. लोह त्याचं ॲनिलीन करतं, म्हणजे तुमच्या रिॲक्टरमध्ये व्हायची तीच क्रिया, आणि पुढे हवा मिळाली की जिवाणू ॲनिलीन खातात. क्लोरोबेंझीनही हवेशीर पाण्यात जिवाणूंना पचतं. जिथे थोडं दूषण उरणार तिथे पक्के रस्ते, वाहनतळ, सौर पॅनेलचे मांडव ठेवा. मुलांची खेळायची जागा आणि बाग सर्वांत स्वच्छ भागात, एक मीटर तपासलेल्या मातीवर. झाडं लावून जमीन साफ करू, असं कोणी सुचवलं तर वाळा आणि मोहरी धातू थोडेफार ओढतात हे खरं आहे, पण त्याला अनेक वर्षं लागतात, सात मीटरवरच्या सॉल्व्हंटपर्यंत मुळं पोचत नाहीत, आणि कापलेल्या झाडोऱ्याचीही विल्हेवाट लावावी लागते. आच्छादनावर हिरवळ म्हणून ती छान आहेत.

पाडकाम करताना शेडचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडू नका, ओले करून अख्खे उतरवा. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल भंगारवाल्याला देण्याआधी पीसीबी या विषारी रसायनासाठी तपासा.

आणि मजुरांची वस्ती. बांधकाम सुरू झालं की मजुरांची पत्र्याची घरं भूखंडाच्या मागच्या कोपऱ्यातच उभी राहतात, म्हणजे बहुधा गाळाच्या जागेवर. तिथे मुलं अनवाणी खेळतात, आणि पाणी जागेवरच्या बोअरचं. सदनिका घेणारा माणूस दोन वर्षांनी येणार. सर्वांत जास्त दूषण ज्याच्या अंगावर येतं तो हा मजूर, आणि जोखमीच्या अहवालात त्याचा उल्लेखही नसतो. वस्ती भूखंडाबाहेर ठेवा, पिण्याचं पाणी बाहेरून आणा, खोदाईच्या काळात धूळ बसवायला पाणी मारा पण बोअरचं नाही. हे विकसकाच्या भल्या मनावर सोडू नका, निविदेतच लिहा.

कायद्याची बाजू 2025 मध्ये बदलली आहे. केंद्राने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा सहामाही अहवाल द्यायचा, 90 दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या 90 दिवसांत सविस्तर, आणि जबाबदार व्यक्ती ठरली की खर्च तिचा. ती सापडली नाही किंवा असमर्थ असली तर केंद्र-राज्य भार उचलतील. तुमच्या बाबतीत जबाबदार कोण हे शोधायला कोणाला फार लांब जावं लागणार नाही. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्वतःहून, अहवाल हातात घेऊन जाणं शहाणपणाचं आहे. बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते. त्या अर्जात जागेचा इतिहास पूर्ण लिहा.

विकसन करारनाम्यात तीन गोष्टी घाला. तपासणीचा सल्लागार तुम्ही नेमाल आणि माती उचलणारा ठेकेदार त्याच्याशी संबंधित नसेल, कारण टनावर पैसे घेणाऱ्याला माती नेहमी जास्त दूषित दिसते. साफसफाईनंतरची पडताळणी तिसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेकडून होईल आणि ती समाधानकारक येईपर्यंत पाइलिंग सुरू होणार नाही. आणि उरलेल्या दूषणाचा नकाशा, बोअर न घेण्याची अट, निरीक्षण विहिरींची देखभाल हे सगळं प्रत्येक सदनिकेच्या करारात व सोसायटीच्या हस्तांतरणाच्या कागदांत जाईल. ठाण्यात उन्हाळ्यात टँकरचे दर वाढले की सोसायटीची पहिली धाव बोअरकडे असते. दहा वर्षांनी आलेल्या नव्या सचिवाला हा कागद मिळालाच नाही, तर तो बोअर मारणारच.

विकसकाला हे सगळं लांबण वाटेल. त्याला सांगा, पायासाठीच्या भूतांत्रिक तपासणीला बोअर तर घ्यायचेच आहेत. त्याच फेरीत मातीचे आणि पाण्याचे नमुने घेतले तर वेळही वाचतो आणि यंत्रही एकदाच येतं. फक्त दूषित भागातून स्वच्छ भागात नेताना अवजारं धुतली पाहिजेत आणि चिकणमाती ओलांडणारं प्रत्येक भोक शेवटी बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटने बुजवलं पाहिजे. मे महिन्याची फेरी हुकवू नका. ती हुकली तर कोरड्या ऋतूचे आकडे मिळायला पुढचं वर्ष उजाडेल. तोवर जागेवरची जुनी बोअरवेल आणि विहीर आजच कुलूपबंद करा, आणि आजूबाजूला कोणी आपल्या विहिरीचं पाणी पीत असेल तर त्याचा नमुना सर्वांत आधी, तुमच्या खर्चाने तपासून अहवाल त्याच्या हातात द्या.